निवडुंग कुणाचा

१२ मार्च २०२३

आजपासून मी वडगाव रासाईची रहिवासी. वडिलांनी घेऊन ठेवलेला हा तुकडा, त्यावर दोन खोल्या, पुढे ओटा, मागे धुण्याचा दगड. दौंड जंक्शनच्या चौकशीच्या खिडकीत उभा जन्म गेला. समोर गाडी उभी असताना ‘गाडी कधी येणार’ असं विचारणारी माणसं पाहिली. आता मला कुणी काही विचारू नये एवढीच इच्छा आहे.

माझ्या भाचीला, धनश्रीला, हे पसंत नाही. “आत्या, तिथे दूध कोण देणार? दवाखान्यात कोण नेणार? सगळं त्या एका शेजारच्या घरावर. त्यांच्याशी बिनसलं तर?” तिने अट घातली आहे: ज्या दिवशी शेजाऱ्यांशी भांडण होईल त्या दिवशी सामान उचलून तिच्याकडे पुण्याला, अकराव्या मजल्यावर. मी कबूल केलं. मी कुणाशी भांडत नाही. लोक चुकीचं वागतात आणि मी ते त्यांच्या लक्षात आणून देते.

शेजारी म्हणजे रखमाजी आणि त्याची बायको गिताबाई. पूर्वी मेंढरांमागे फिरणारं घराणं, आता कांदा, ज्वारी, दोन म्हशी आणि हौसेला दहा-बारा मेंढरं. माणसं बरी दिसतात. त्यांच्या शेतात आणि माझ्या अंगणात हद्द म्हणून फक्त निवडुंग आहे. फड्या निवडुंग. एकावर एक भाकऱ्या चिकटवाव्यात तसा दिसतो आणि भाकरीइतकाही उपयोग नाही.

१९ मार्च

साडी वाळत घातली, ती वाऱ्याने निवडुंगावर गेली, मी ओढली. मोठा काटा एकच लागला. पण फड्यावर बारीक केसांसारखी कुसळं असतात ती दिसत नाहीत आणि बोटांतून निघतही नाहीत. सकाळपासून कपाला हात लावला तरी जीव जातो. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर इतक्या बारीक टोचून बोलायच्या, पण त्यांचं दुसऱ्या दिवशी विसरता यायचं.

मोबाईलवर या प्राण्याची माहिती वाचली. हिरवे फडे ही पानं नव्हेतच, ते खोड आहे. पानांचे काटे झालेत. पानं ठेवली तर त्यांतून पाणी उडून जातं, म्हणून याने पानंच टाकून दिली. दिवसा सगळी छिद्रं मिटून बसतो आणि रात्री श्वास घेतो. मुळं खोल नाहीत, वरच्यावर लांब पसरलेली, म्हणजे चार थेंब पडले तरी शेजाऱ्याच्या आधी पिऊन घ्यायचे. मूळचा आपल्याकडचा नाहीच, समुद्रापलीकडून आलाय. आणि आला तो आला, परत जायचं नाव नाही.

मी आजच ठरवलं. हा इथून जाणार.

२६ मार्च

रखमाजीला ओट्यावर बोलावून सांगितलं, “तुमचा निवडुंग तुम्ही काढून न्या.”

“माझा? मॅडम, ह्यो माझ्या आज्ज्याच्या आदीपासनं तुमच्याच बांधावर हाय.”

“बांध दोघांचा असतो.”

“बांध दोघांचा. निवडुंग तुमचा.”

“मग मी तोडून टाकला तर चालेल?”

त्याने डोकं खाजवलं. “तेवढा नदीकडचा कोपरा ऱ्हाऊंद्या. उसातनं बिबट्या येतो मेंढरांवर. बाकी तोडा की. मारून मरत असंल तर मारा.”

गिताबाई दुधाची कासंडी घेऊन उभी होती. म्हणाली, “त्याला शिव्या देऊ नगा ताई. शिव्या दिल्या की वाढतं ते.”

अंधश्रद्धा. तरी एक आठवडा प्रयोग म्हणून गप्प राहायचं ठरवलं आहे.

२ एप्रिल

प्रयोग बंद. निवडुंग होता तेवढाच आहे आणि माझं डोकं दुखायला लागलं.

हौशीराम नावाचा मजूर आणला. त्याने मिशीवर हात फिरवून सांगितलं, “दोन दिसात बांध हातासारखा करतो.” मी त्याला फड्यांचे बारीक तुकडे करायला लावले. लहान तुकडे लवकर सुकतात, ही कल्पना माझी. मुळंसुद्धा खणून काढली. नदीकडच्या कोपऱ्यातलं मोठं जाळं तेवढं ठेवलं, तिथे गांधीलमाश्यांचं पोळं आहे. हौशीराम म्हणाला, “तिथं मी जात न्हाई. मला अजून पोरीचं लगीन करायचंय.”

अंगण उघडं झालं. प्रथमच वारा आला. फक्त तुकड्यांचा ढीग तेवढा माझ्याकडे राहिला आहे.

९ एप्रिल

ढिगाबद्दल न्याय्य तोडगा काढला. निवडुंग ज्याचा, कचरा त्याचा. हौशीराम जाताना म्हणाला होता, ‘द्या पलीकडं भिरकावून’; मी कुणाच्या शेतात घाण भिरकावणारी नाही. स्वयंपाकातला लांब चिमटा घेतला आणि एकेक फडा उचलून बांधापलीकडे, रखमाजीच्या पडीक पट्टीत, नीट रांगेत ठेवला. दोघांच्या मध्ये हातभर अंतर, म्हणजे त्याला उचलायला सोपं जावं. घसरू नयेत म्हणून जमिनीत थोडे रोवले, आणि वाऱ्याने उडून परत येऊ नयेत म्हणून प्रत्येकाच्या बुडाशी खुरप्याने माती ओढली.

सगळी रांग एका रेषेत. सिस्टरांनी पाहिलं असतं तर वहीवर तारा मिळाला असता.

१६ एप्रिल

रखमाजीने दोन-तीन फडे माझ्या अंगणात परत टाकले. जाताना पायाने ढकलले. मी ते परत त्याच्या रांगेत, आपापल्या जागी ठेवले. त्याने परत केलं की मी परत करते. मी निवृत्त आहे, मला वेळ आहे. त्याला कांदा काढायचाय.

३० एप्रिल

माणसं आळशी असतात हे मान्य, पण किती? उचलायला सोपं जावं म्हणून रांग लावून दिली तरी फडे तिथेच पडून आहेत. विचारलं तर म्हणतो, “ऊन बघा की कसलं पडलंय. आज ना उद्या सुकत्याल.” खरंच सुकायला लागलेत. कापलेल्या जागेवर चामड्यासारखी खपली धरलीय, सुरकुत्या पडल्यात. मेलेत. चला.

२७ ऑगस्ट

पाऊस नाही. ज्वारी पिवळी पडली, गिताबाईच्या दारातली मेथी गेली, माझी लिलीची कुंडी गेली. गिताबाईच्या म्हशीचं दूध पण आटलंय, तरी ती माझा कप भरून देते आणि म्हणते, “तुमी चहाच पिता, तुमाला कितीसं लागतंय.”

फक्त बांधापलीकडे रखमाजीच्या पट्टीत ठेवलेले ते तुकडे हिरवे आहेत. मेलेला माणूस उठून बसावा तसे. एकेकाच्या डोक्यावर बाळाच्या तळव्याएवढा नवा फडा फुटलाय. जगात काही न्याय नाही.

मी तिकडे बघायचं सोडून दिलं आहे. त्याची जमीन, त्याची डोकेदुखी.

१० डिसेंबर

गुलाबाची एक रांग लावली. यवतच्या नर्सरीतून रखमाजीनेच मोटरसायकलवर आणून दिले, कुरकूर न करता. निवडुंग गेल्यापासून अंगण ऐसपैस वाटतं. स्वच्छता ठेवली की जागा आपोआप वाढते, हे मी धनश्रीला तिच्या अकराव्या मजल्यावर फोन करून सांगितलं.

१८ मे २०२४

दोन महिने खोकला. गिताबाईने नदीकडच्या जाळ्यातली लाल बोंडं काठीने पाडली, चुलीत भाजली, कुसळं जळाल्यावर फोडून, गाळून रस दिला. “लहान पोरांच्या खोकल्याला देत्यात. तुमी पन घ्या.”

मी घेतला, कारण नाही म्हणायला आवाज नव्हता. खोकला थांबला. (खोकला आपला आपण थांबतोच.) पण तोंड दिवसभर असं लाल की डेअरीवरच्या माणसाने “मॅडम, आज लग्नाला का?” असं विचारलं.

बुलबुलसुद्धा हीच बोंडं खातात आणि माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर जांभळे शिंतोडे टाकतात. त्यात काळं बी. मी ते बी झटकून टाकते. कुठे टाकते ते बघत नाही, बीच ते.

२२ सप्टेंबर

यंदा पाऊस भरपूर. आणि एक चांगली गोष्ट नोंदवायची. रखमाजीने अखेर स्वतःच्या बाजूने निवडुंगाचं नवं, सरळ, नेटकं कुंपण केलेलं दिसतं. कमरेपर्यंत आलंय. एका रेषेत, सारख्या अंतरावर. मी मुद्दाम कौतुक केलं, “छान लावलंत हो.” तो माझ्याकडे बघतच राहिला. या लोकांना कौतुकाची सवय नसते.

कुंपणापर्यंत मोकळी जागा होती, तिथे गुलाबाची दुसरी रांग लावली. आणि काही रोपं उरली म्हणून तिसरी.

३ जानेवारी २०२५

रखमाजी कांद्याचं रोप लावताना बांधावर आला. चेहरा बरा नव्हता.

“मॅडम, माझा एक वाफा बसंना.”

“म्हणजे?”

“बापाच्या वक्तापासनं ह्या रानात कांद्याचा शेवटचा वाफा हितं यायचा. आता त्याच्या जागंवर निवडुंग हाय. आन् त्याच्या आल्याड तुमचं गुलाब.”

“निवडुंग तुम्ही लावलात. तुमच्या जमिनीत किती आत लावायचा ते तुम्ही बघायचं होतं.”

“मी लावला?”

“मी कौतुकही केलं होतं.”

“मला वाटलं तुमी चेष्टा करताय! मॅडम, मी कशाला माझ्याच रानात काटं लावू?”

मी सांगितलं की माझ्या वडिलांची जमीन आहे आणि मी आयुष्यात दुसऱ्याची पेन्सिलसुद्धा घेतलेली नाही. उलट कोपऱ्यातलं जाळं बघा, कसं माझ्याकडे कलंडलंय. सरकला असाल तर तुम्हीच माझ्यात सरकला आहात. तो म्हणाला, “बांध कोरनाऱ्याला गाव काय म्हंतं, तुमाला ठाव हाय का?” मी म्हणाले, “मला शिकवू नका.”

हे भांडण नव्हे. मतभेद.

४ जानेवारी

दूध आलं नाही.

९ जानेवारी

अजून दूध नाही. कोरा चहा पिते. डेअरीपर्यंत चालत जाता येतं, पण गुडघा. धनश्रीचा फोन आला, “दूध मिळतं ना?” मी म्हणाले, “चहा घेतेय.” खोटं नाही.

पण तिने विचारलं, “गिताबाईंना दे जरा फोन.” मी म्हणाले, त्या शेतात आहेत. हेही खोटं नाही. तरी तिला कळलं. म्हणाली, “आत्या, बावीस तारखेला मी येतेय गाडी घेऊन. अट आठवतेय ना?”

अकराव्या मजल्यावर मला एक खोली देणार आहेत. खिडकीतून समोरच्या अकराव्या मजल्यावरची खिडकी दिसते.

१२ जानेवारी

सावळाराम आप्पा आले. गावातले सगळ्यांत म्हातारे. बांधाची भांडणं त्यांच्या शब्दावर मिटतात. सरकारी मोजणीला महिने जातात, तोवर दोन घरं एकमेकांची तोंडं बघत नाहीत, म्हणून आधी आप्पा.

माझ्या ओट्यावर बसले. रखमाजी खाली उभा. गिताबाई त्याच्या मागे, पदर घट्ट ओढून.

आप्पांनी निवडुंगाच्या रांगेकडे काठी केली. “ही रांग लावली कुनी?”

“त्यांनी,” मी म्हणाले.

“त्यांनी,” रखमाजी म्हणाला.

गिताबाई म्हणाली, “ताईंनी. मी बगितलंय की. चिमट्यानं एकेक ठेवायच्या, वर माती वडायच्या. वळीत. मला वाटलं बागकाम चाललंय.”

“मग तवा बोलली का न्हाईस?” रखमाजी तिच्यावर उखडला.

“बाई येवढी जीव लावून करत हुती, मधी कशाला बोलू?”

मी उठून उभी राहिले. “आप्पा, मी फडे ठेवले. लावले नाहीत. ठेवणं आणि लावणं यात फरक आहे.”

आप्पा म्हणाले, “बाई, तो फरक तुमाला कळला. निवडुंगाला न्हाई कळला.”

रखमाजी हसला. मी हसले नाही. मी सांगितलं, ठेवले असतील किंवा लावले असतील, जुन्या बांधावरच ठेवले; हद्द होती तिथेच आहे. आप्पांना आठवलं की माझ्या वडिलांनी आणि रखमाजीच्या बापाने मिळून हद्दीचा दगड पुरला होता. नदीकडच्या त्या मोठ्या जाळ्यात. तिथून रस्त्याच्या मोरीकडे सरळ दोरी धरली की बांध. दगड सापडला की वाद संपला.

“मग काढा दगड,” मी म्हणाले. खात्री आहे मला.

१४ जानेवारी

संक्रांत. गिताबाई दारात आली. वाटी पुढे केली. “तिळगूळ घ्या,” म्हणाली. आणि गेली. पुढचं अर्धं म्हणालीच नाही.

मी उभ्यानेच दोन लाडू खाल्ले. लाडू चांगले झालेत. वाटी रिकामी परत कशी द्यायची?

१९ जानेवारी

हे पालथी पडून लिहिते आहे. अक्षर वाईट येईल.

सकाळी सगळे जाळ्याशी जमले. आप्पा, रखमाजी, गिताबाई, हौशीराम आणि काहीच काम नसलेली अर्धी वस्ती. जाळं दोन पुरुष उंच, पंधरा पावलं रुंद. आप्पा म्हणाले, तोडून दगड काढू. मी म्हणाले, अजिबात नाही. तोडलं की काय होतं ते मला आता समजलेलं आहे; एकाचे शंभर होतील. रखमाजी म्हणाला, तोडलं तर बिबट्या आत येईल. म्हणजे आम्ही दोघं पहिल्यांदा एका मताचे.

मग आत कोण जाणार? रखमाजीने हौशीरामकडे बघितलं. हौशीराम म्हणाला, “पोरीचं लगीन व्हायचंय अजून.”

“पोळं केव्हाच गेलंय तिथलं!”

“पोळं गेलं. काटं हायेत की.”

सगळे एकमेकांकडे बघत होते. मला ताटकळत उभं राहणाऱ्या माणसांचा भयंकर राग आहे. घरात गेले. वडिलांचा रेल्वेचा जाड रेनकोट, गमबूट, डोक्यावर घमेलं, हातात चिमटा. बाहेर आले तर सगळ्यांनी वाट करून दिली. मग मागून कुणीतरी, “पॅसेंजर सुटली बघा.”

“ताई, न्हाई जायचं!” गिताबाई म्हणाली. पंधरा दिवसांत तिने मला मारलेली पहिली हाक.

तागाची पोती पुढे टाकत मी त्यावरून सरपटत गेले. आतून हे जाळं बाहेरून दिसतं तसं नाही. मधले जुने फडे लाकडासारखे झालेत, खाली उजेड हिरवा, सरड्याची कात, कसल्यातरी अंड्यांची टरफलं. एक साळुंकी मला बघून जागची हलली नाही. कुणी आत येत नाही याची सगळ्यांना इतकी खात्री, की इथे सगळे बिनधास्त.

दगड सापडला. चुन्याचा डाग अजून आहे. मी त्याला हात लावला आणि समोर बघितलं तर फड्यांच्या फटीतून माझा धुण्याचा दगड दिसला. हाताच्या अंतरावर. वाळत घातलेला परकरसुद्धा दिसला.

म्हणजे दगड जाळ्याच्या मधोमध नव्हता, रखमाजीच्या बाजूला तर नव्हताच. अगदी माझ्या कडेला. मी तिथून मोरीकडे रेघ धरून बघितली. दोनदा बघितली. गुलाबाची दुसरी रांग त्याची. तिसरी तर त्याचीच. निवडुंगाची ती सुंदर सरळ ओळ त्याच्या रानात पाच-सहा फूट आत. बांध मीच कोरला होता. चिमट्याने.

बाहेरून आप्पा ओरडले, “सापडला का वो?”

दगड मला सोडून कुणाला दिसणं शक्य नव्हतं. ‘नाही’ म्हटलं असतं तर या काट्यांत तपासायला कोण आलं असतं? आणि ‘सापडला’ म्हटलं तर गावभर बांधकोरी म्हणून नाव, आणि बावीस तारखेला गाडीत सामान. साळुंकी माझ्याकडे बघत होती.

मग फार राग आला. कुणाचा ते कळलं नाही. मी जंक्शनच्या खिडकीतल्या आवाजात ओरडले, “सापडला! माझ्या बाजूला आहे! जमीन रखमाजीची आहे!”

मग रखमाजीचा आवाज, “मॅडम, तुमीच सांगताय व्हय?”

“मग कोण सांगणार? दगड?”

इथवर ठीक होतं. पण सरपटत आत जाता येतं, तसं मागे येता येत नाही. रेनकोट पाठीवर फाटला, घमेलं फड्यांत अडकलं. शेवटी गिताबाईने दोन्ही पाय धरून मला बाहेर ओढलं. ओढताना ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं कुठलंही पुस्तक त्याच्या जवळपास येत नाही.

२० जानेवारी

पाठीत काटे. मोठे चिमटीने निघतात, बारीक कुसळांसाठी गिताबाईने कणीक भिजवून आणली आणि गोळा पाठीवरून फिरवला. कुसळं कणकेला चिकटून येतात. तिची जाऊ नकुशी पण आली होती, आणखी दोघी बघायला. माझ्या पाठीवर चर्चासत्र चाललं.

“ह्या कणकेच्या पोळ्या करू नगंस गं!” नकुशी म्हणाली.

“ताईंनाच घालीन की. त्यांचंच काटं, त्यांच्याच पोटात.”

“आई गं!” मी.

“वरडा, वरडा. चिमट्यानं रांगा लावताना न्हाई वाटलं काय.”

मी म्हणाले, रखमाजीला सांग, जमीन आजच घ्या, गुलाब मी काढून घेते.

“गुलाब कशाला काढताय? गुलाब आमच्या जमिनीत हायेत. आमचं झालं.”

“मग पाणी?”

“तुमी घाला. तुमाला सवय हाय.”

हा कुठला न्याय? पण पालथ्या माणसाला वाद घालता येत नाही.

संध्याकाळी दूध आलं. तांब्या नेहमीपेक्षा मोठा होता.

२२ जानेवारी

धनश्री आली. मी अजून पालथी, गिताबाई पोटरीपाशी. धनश्रीने दारातूनच बघितलं आणि बॅग शोधायला लागली. “बस झालं, आत्या. चल.”

गिताबाईने मान वर केली नाही. “कुठं नेता? पाठ झाली, अजून पाय ऱ्हायल्यात.”

“मावशी, तुमचं भांडण झालं की नाही ते सांगा.”

“झालं तर. चांगलं झालं.”

“मग मी हिला नेते. तसं ठरलंय आमचं.”

आता गिताबाईने गोळा खाली ठेवला. “आन् आमी काय करायचं? नवरा बोलत न्हाई, म्हशी बोलत न्हाईत. हितं भांडायला दुसरं हाय कोन आमाला?”

धनश्रीने माझ्याकडे बघितलं. मी उशीत तोंड घातलं होतं, काट्यामुळे. मग तिने स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. जाताना तिने गिताबाईचा नंबर घेतला. मला न विचारता.

२ फेब्रुवारी

रखमाजीला नीट समजावून सांगितलं होतं: रांग मुळासकट उपटायची, तोडायची नाही, एक फडा खाली पडू द्यायचा नाही, सगळं खडकावर पसरून पार काळं होईपर्यंत वाळवायचं, मग जाळायचं. त्याने तीनदा “व्हय व्हय” केलं.

आज मी शिरूरला डॉक्टरांकडे जाऊन आले तर पट्टी साफ. रखमाजी खूश.

“खडकावर वाळत घातलं?”

“कशाला मॅडम? खडक लई लांब. ट्रॅक्टर भरून न्हेलं, नदीकाठाला सोडलं. सरकारी जागा हाय. आता बघायलाच नगं.”

“ट्रॉलीत नीट झाकलं होतं ना?”

“झाकायचं काय त्यात? मागची फळी तेवढी मोडल्याली हाय. थोडंफार पडलं आसंल वाटंनं.”

वाटेने. म्हणजे आमच्या दारापासून नदीपर्यंत, दोन्ही बाजूंना, सगळ्यांच्या बांधांवर.

मी चिमटा घेतला, पोतं घेतलं, गमबूट घातले. गिताबाई म्हशीला चारा टाकत होती. तिने वैरणीचा हात झटकला आणि स्वतःचा चिमटा घेऊन मागे आली.

“तू कशाला? मी वेचते की.”

“तुमी? तुमाला एकटीला सोडलं तर नदीपातूर वळीत लावून याल.”

पहिला फडा सावळाराम आप्पांच्या फाटकासमोरच पडला होता. तिने उचलला, माझ्या पोत्यात टाकला आणि म्हणाली, “चला बिगीबिगी. उजेड हाय तवर.”